सावरटोल्याची निशाणी

सावरटोल्याच्या मुखरू सुताराचे हात आणि डोकं एकाच माणसाचे आहेत, यावर त्याला जन्मापासून ओळखणाऱ्यांचाही विश्वास बसत नसे. हात असे की वाकडं लाकूड दिलं तर त्यातून सरळ नांगर निघावा. डोकं असं की सरळ गोष्ट आत घातली तरी बाहेर येताना वाकडी होऊन यावी. बरं, माणूस भांडखोर नाही, हट्टी नाही. उलट जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं. चावडीवर वाद झाला की लोक मुद्दाम मुखरूला मध्ये बसवत आणि एकेकानं बोलून त्याची मान दोन्हीकडे हलवून घेत. तोही हसायचा. कशाला हसायचं ते मात्र त्याला नक्की ठाऊक नसायचं.

छप्पन साली दिवाळीच्या सुमारास चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. मुखरू नागभीडच्या बाजारात गेला होता, तिथं त्याला हे कळलं. तो परत आला तो पार घोळातच. स्टेशन होतं तिथंच आहे, गाड्या येतात तिथूनच येतात, तळ्याचं पाणी हललेलं नाही, मग जिल्हा गेला कुठून? चावडीवर त्यानं विचारलं, की आपण मुंबईला गेलो का मुंबई इकडं आली? सगळे पोट धरून हसले. पण इतक्या वर्षांनी मी नीट आठवून पाहतो, तर उत्तर त्याला कुणीच दिलं नव्हतं.

त्याची खरी कमाई औतफाट्याची, पण नाव झालं होतं तान्ह्या पोळ्याच्या नंदींनी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल घेऊन मिरवतात ना, ते बैल मुखरू करायचा. शिवणीचं लाकूड घ्यायचा, वाकसानं तासायचा, आणि पटाशीच्या चार टोकरण्यांत असे डोळे काढायचा की पोरगं त्या बैलाला रात्री उशाशी घेऊन झोपे. मोठे, ओलसर, पापण्यांचे डोळे. आजूबाजूच्या गावांतूनही लोक येत. दुसरं जनावर त्यानं कधी केलं नव्हतं आणि कुणी मागितलंही नव्हतं.

घरात बायको कमळा, लेकरं, आणि चार घरं सोडून, गावातच दिलेली, त्याची धाकटी बहीण गिरजा. गिरजाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिरजाचा नवरा खुशाल. दोघांनी मिळून नाल्यापलीकडची, जंगलाला खेटून असलेली पडीक जागा फोडली, मातीची पाळ घातली आणि धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, तयार केली. जागा कसायला मालगुजारानं, म्हणजे गावाच्या जमीनदारानं, सांगितलं होतं, पण तोंडी. पुढं मालगुजारी गेली, आणि तिच्यासोबत ते तोंडही गेलं. मग एका चैत्रात खुशाल पहाटे मोह वेचायला गेला तो वाघाच्या तोंडी पडला. लेकरूबाळ नव्हतं. गिरजा माहेरी भावाच्या घरी येऊन राहील असं सगळ्यांना वाटलं. ती आली नाही. तिनं त्या पावसाळ्यात एकटीनं त्याच बांधीत धानाची रोपं लावून रोवणा केला, आणि पुढंही दरवर्षी करत राहिली. पोट तिचं त्या एका बांधीवर होतं, आणि जगणंही, असं म्हटलं तरी खोटं नाही.

आता निशाणीचं ऐका. सत्तावन्नची निवडणूक होऊन गेली होती. पुढच्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपल्यावर, नवे ग्रामसेवक गुणवंतराव सावरटोल्याला आले. वर्ध्याकडचा तरुण माणूस, स्वभावानं चांगला, फक्त बोलण्याची हौस जरा जास्त. नागभीडला शेतकी प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक भागाची वेगळी कमान, आणि कमानीवर त्या भागाची निशाणी म्हणून एक लाकडी प्राणी. प्रदर्शन संपलं की तो प्राणी आपापल्या भागात नेऊन कायमचा उभा करायचा. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांना एक वाक्य सुचलं.

"ज्या भागाचा जो प्राणी, तो भाग त्या प्राण्याचा," गुणवंतराव म्हणाले. वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते पुन्हा एकदा म्हणाले.

सरकारी माणसानं दोनदा म्हटलेलं वाक्य आमच्याकडे कायदा होतं. गुणवंतराव सायकलवर बसून गेले आणि चावडीवर त्याच वाक्याचा कीस सुरू झाला. निशाणी हा शब्द गावाला नवा नव्हता. निवडणुकीत पेटीवर असते ती निशाणी. अंगठा उठवतात ती निशाणी. आणि शिवेवर दगड पुरतात, की इथून पुढं तुझं नाही, तीही निशाणीच. गावात सगळ्यात जाणता लटारू म्हातारा. तो ताडोब्याकडच्या सोयऱ्यांकडे जाऊन आलेला होता. तिकडे जंगल आता जनावरांसाठी राखलं आहे, बंदुका बंद झाल्या आहेत, हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्यानं दोन्ही गोष्टी जोडल्या. म्हणजे सरकार आता विचारतंय, की तुमचा भाग कोणत्या जनावराच्या नावावर करायचा? वाघ म्हणाल, तर सगळं शिवार वाघाचं. मग जंगलवाले येतील, हद्दीचे मुनारे गाडतील, आणि म्हणतील, तुम्हीच तर सांगितलं.

मुखरूला हे ताबडतोब पटलं. लटारू शेवटी बोलला होता ना.

मग कोणतं जनावर द्यायचं, यावर गावानं जो विचार केला तो ऐकण्यासारखा होता. बैल सगळ्यांना मान्य होता. बैलाची जमीन म्हणजे कुणब्याचीच जमीन. पण गुणवंतराव पुन्हा आले तेव्हा त्यांनी हात जोडले, की बैलजोडी ही निवडणुकीची निशाणी आहे, कमानीवर बैल दिसला तर माझी नोकरी जाईल. एकच बैल ठेवा म्हटलं, तर म्हणाले अर्धी नोकरी जाईल. मग कुणीतरी मासा सुचवला, गावाला तळं आहे म्हणून. त्यावर सोमाजी ढिवर उभाच राहिला. तळं माशाचं झालं तर जाळं टाकायला आम्ही कोणाला विचारायचं, माशाला? बगळा म्हटलं, तर बगळ्याचंही पोट तळ्यावरच. रानडुक्कर म्हटलं, तर ते आताच अर्धं धान नेतं, उद्या हक्कानं नेईल. हल्या म्हटलं, तर बायकांनी कानांवर हात ठेवले, यमाचं वाहन दारात नको. जनावर कोणतंही घ्या, त्याचं काही ना काही गावात निघतच होतं. एवढ्या जनावरांनी आपल्याला वेढलेलं आहे हे गावाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असेल.

शेवटी तोड लटारूनंच काढली. हत्ती द्यावा. चांद्याच्या किल्ल्याच्या दरवाजावर दगडात कोरलेला आहे, म्हणजे मानाचा आहे. आणि इकडच्या जंगलात एकही नाही, म्हणजे कुणाच्या नावावर काही करायचा प्रश्नच नाही. गावाला हायसं वाटलं. गुणवंतरावांना सांगितलं, तर ते बुचकळ्यात पडले.

"पण इथं हत्ती आहे का?"

"नाई," लटारू म्हणाला. "म्हनूनच."

गुणवंतरावांना यातलं काही कळलं नाही, आणि गावाला त्यांना का कळत नाही ते कळलं नाही. वेळ थोडा उरला होता. त्यांनी सांगून टाकलं, की बाकीच्या भागांनी हरीण, मोर, ससा, सारस असे प्राणी केव्हाच घेतले आहेत. सगळ्यात मानाचा वाघ मात्र सर्वांनी मोठ्या मनानं सावरटोल्यासाठी सोडला आहे. आता मोठं मन कसलं आलंय? बाकीच्या गावांनीही हाच हिशेब केला होता आणि आपल्या अंगणातलं कुत्रं आमच्याकडे हाकललं होतं. पण गुणवंतराव बिचारे खरोखर खूश होते. वाघ मुखरूनं करायचा, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

तिथून मुखरूचे हाल सुरू झाले. सुतारकाम सोपं होतं, पण हे काम करायचं की नाही हे ठरवायचं होतं, आणि ठरवणं हेच त्याला येत नव्हतं. तो चालत नागभीडला गेला, त्यानं गुणवंतरावांना गाठलं आणि सरळ विचारलं, की वाघ उभा केला तर जमीन जाईल का? गुणवंतराव हसले. ही नुसती शोभा आहे, यात जमिनीचा काय संबंध, असं म्हणाले, चहासुद्धा पाजला. मुखरू आनंदात परतला. वाटेत लटारू भेटला. शोभेची गोष्ट ऐकून म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, की मालगुजारानं जागा दिली तेव्हा तोही हसून बोलला होता की नाही? होता खरा. मुखरूचा आनंद तिथंच सांडला. घरी कमळा म्हणाली, सरकारी कामाला नाही म्हणू नका. शेजारी म्हणाला, हो म्हणशील तर गावात राहायचं कसं? मुखरूनं चौघांनाही मान डोलावली. रात्री त्याला झोप आली नाही. आपण नक्की कोणाला काय कबूल केलं आहे, हेच त्याला आठवेना.

मुखरूनं शिवणीचा ओंडका अंगणात आणून टाकला त्या दिवशी गिरजा आली. ओंडक्याकडे पाहत उभी राहिली. बांधी नाल्यापलीकडची, जंगलाला लागून. शिवार वाघाचं व्हायचंच असेल तर पहिला घास त्या बांधीचाच जाणार, हे सांगायला लटारू नको होता.

"दादा," ती म्हणाली, "मानूस त्यानं नेला. आता बांधी तू देऊन राह्यला का?"

मुखरूच्या हातातला वाकस खाली आला. ज्याचं ऐकावं त्याचं पटणाऱ्या त्या माणसाला हेही पटलं, आणि हे पटणं बाकीच्या सगळ्यांपेक्षा खोल गेलं. तिला काय सांगावं? शोभा आहे म्हणावं, तर स्वतःला खात्री नाही. वाघ करत नाही म्हणावं, तर सरकारी काम अंगावर घेतलेलं. मले समजून नाई राह्यलं गिरजा, एवढंच तो बोलला. ती गेली. तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे पाहून त्याला भडभडून आलं. बहिणीच्या कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं तेव्हा आपण काही करू शकलो नाही, आणि आता तिच्या पोटावर आपलीच पटाशी चालणार, असं त्याच्या मनात आलं.

वाघ त्यानं केला. म्हणजे करायला घेतला वाघच. पण मुखरूनं वाघ जवळून कधी पाहिलेला नव्हता. संध्याकाळी नाल्यावर पाहिलेली पावलं आणि लांबून ऐकलेली डरकाळी, एवढीच ओळख. अंग नीट उतरलं, शेपूट उतरली, पंजे बरे झाले. तोंडापाशी आल्यावर हात जे जन्मभर शिकले होते तेच करू लागले. डोळे मोठे झाले, ओलसर झाले, पापण्या आल्या. नाकपुड्या रुंद झाल्या. मुखरूनं पिवळा रंग दिला, काजळानं पट्टे ओढले, सुळे कोरून बसवले, तरी डोळे काही बदलेनात. हे त्यानं मुद्दाम केलं की चुकून, यावर गावात पुढं पुष्कळ वाद झाला. मुखरूला विचारलं तर तो दोन्हीला हो म्हणायचा.

प्रदर्शनात त्या वाघानं बहार आणली. हरीण, मोर, ससे सगळे बाजूला राहिले आणि माणसं सावरटोल्याच्या कमानीखाली उभी राहून भांडू लागली. कुणी म्हणे वाघ आहे, पट्टे दिसत नाहीत का? कुणी म्हणे गोऱ्हा आहे, पट्टे नुसते रंगवलेत. एक म्हातारी त्याच्यापुढं मूठभर धानाचं तणीस टाकून गेली. गुणवंतराव आधी लाजले, मग गर्दी पाहून खूश झाले. मुखरू कमानीच्या खांबाला टेकून होता. वाघ वाघासारखा दिसत नाही, म्हणजे जमीन वाचली की काय, एवढाच विचार त्याच्या डोक्यात फिरत होता. पण हे विचारायचं कोणाला?

प्रदर्शन उठलं. वाघ बंडीत घालून सावरटोल्याला आणला. बंडीचे बैल मागं वळून वळून त्याच्याकडे पाहत होते म्हणतात, मी काही पाहिलं नाही. गावाच्या तोंडाशी बंडी थांबली आणि सगळं गाव जमलं. आता हा ठेवायचा कुठं? चावडीपुढं ठेवला तर चावडी त्याची. तळ्यावर ठेवू देईना सोमाजी. कुणी म्हणालं, शिवेवर जंगलाकडं तोंड करून ठेवा, म्हणजे त्याच्या तोंडाकडचं सगळं त्याचं आणि पाठीमागचं आपलं. त्यावर दुसरा म्हणाला, राजा बसतो तो राज्याकडे पाठ करून, वैऱ्याकडे तोंड करून, तेव्हा वाघाचं ते पाठीमागचंच. वाघाचं राज्य तोंडाकडचं की शेपटीकडचं, यावर उन्हं कलेपर्यंत चर्चा झाली. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, हे गावाला माहीत होतं. हा लाकडाचा होता, आणि तरी तो आपल्याला कुठून खायला लागणार, हेच कुणाला कळत नव्हतं.

मग लटारू खाकरला. जे बऱ्याच जणांच्या मनात होतं ते त्यानं खाली पाहून बोलून टाकलं, की नाल्यापलीकडं नेऊन ठेवला तर गाव वाचतं. नाल्यापलीकडं काय आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. गिरजा बायकांत उभी होती. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. लाज वाटली असेल, वाटायलाच हवी होती.

लोकांनी मुखरूकडे पाहिलं. लटारू शेवटी बोलला होता, आता मुखरूची मान हलायची, की झालं. मान हलली नाही. मुखरू बंडीच्या चाकाला हात लावून उभा होता.

"माह्या आंगनात ठेवतो," तो म्हणाला. "घर जाईन तं माहं जाईन."

कमळानं पदर तोंडाला लावला. लेकरं काही न समजून बापाकडे पाहू लागली. तेव्हा गिरजा बायकांतून पुढं आली. वाघाला तिनं तोवर पाहिलंच नव्हतं. ना जंगलातल्या, ना लाकडाच्या. ती बंडीपाशी गेली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांवरून फिरवला.

"असाच असते का?" तिनं भावाला विचारलं.

"मले का मालूम. मी बी नाई पाह्यला," मुखरू म्हणाला.

ज्यानं तिचं घर मोडलं त्याचं तोंड कसं असेल, याचा विचार तिनं किती रात्री केला असेल देव जाणे. आणि आता हे समोर काय होतं, तर पापण्यांचं, ओल्या डोळ्यांचं, तान्ह्या पोळ्याचं जनावर. तिला भीती वाटायला हवी होती, राग यायला हवा होता. तिच्या चेहऱ्यावर दोन्ही नव्हतं, आणि काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

"तुह्या घरात लेकरं हायेत, दादा," ती म्हणाली. "माह्या बांधीवर चाल. जागा वाघाची झाली तं होऊ दे. पन वाघ कोनाचा? माह्या भावानं केला. भावाचा म्हंजे माहाच ना."

तिचं बोलणं बरोबर होतं की चूक, हे कुणाला ठरवता आलं नाही. लटारू मनातल्या मनात ते उलटसुलट करून पाहत होता आणि त्याला त्यात कुठं फट सापडेना. बंडी नाल्यापलीकडं गेली. मुखरूनं स्वतः खड्डा खणला आणि बांधीच्या पाळीवर वाघ उभा केला. तोंड कुठं करायचं ते गिरजानं सांगितलं. तिच्याकडं.

उन्हाळ्यात जंगलवाले आले. एक साहेब, मोजणीची जरीब धरणारी माणसं आणि जंगलाचा नाकेदार. कुणी म्हणालं, निशाणीमुळेच आले, कुणी म्हणालं, ते सगळ्याच गावांत फिरत होते. मुखरूला दोन्ही खरं वाटलं. तो वाकस हातात घेऊनच बांधीकडे धावला. गिरजा पाळीवर, वाघाच्या शेजारी उभी होती. साहेबाला मराठी बेताचीच येत होती. त्यानं जंगलाकडे पाहिलं, बांधीकडे पाहिलं, मग वाघाकडे पाहून थोडा थबकला. हात असा गोल फिरवून त्यानं विचारलं, "हे कोणाचं?"

"माहं," गिरजा म्हणाली.

साहेबानं मान हलवली. जरीब बांधीच्या बाहेरून गेली, मुनारे बांधीपलीकडं जंगलाच्या अंगाला बसले, आणि गिरजाची बांधी गिरजाकडे राहिली.

आता यात मुखरूचा घोळ असा, की साहेब त्या वाघाबद्दल विचारत होता का बांधीबद्दल? साहेब वाघ कोणाचा एवढंच विचारत असेल, तर बांधी तिची असं तो समजला कशावरून? आणि बांधीबद्दल विचारत असेल, तर तिच्याकडे दाखवायला काय होतं? लटारूचं मत एक, गुणवंतरावांचं एक, सोमाजीचं एक. मुखरू सगळ्यांना मान डोलावत राहिला. शेवटी एका दुपारी रोवण्याला भाकर घेऊन तो बांधीवर गेला आणि बहिणीलाच विचारलं, की साहेब कशाचं विचारत होता?

गिरजा गुडघाभर चिखलात होती. तिनं हातातली धानाची जुडी चिखलात खोचली आणि वर पाहिलं.

"कशाचं विचारत होता ते त्याले मालूम," ती म्हणाली. "मी दोन्हीचं सांगतलं."